उतरला नाहीत तरी चालेल, हे कुणीतरी लेखी द्या

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
आणि
महाराष्ट्रातल्या सर्व विमान प्रशिक्षण संस्थांचे मुख्य प्रशिक्षक

विषय: आडव्या वाऱ्यात विमान न टेकवता परत वर गेलेल्या विद्यार्थ्याला त्याची झळ न लागण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त विमान प्रशिक्षक. पुष्पक या जुन्या देशी प्रशिक्षण विमानावर शिकलो, पुढे सेसना 152 आणि 172 या छोट्या विमानांवर पोरांना शिकवलं. हेच पत्र टपालाने पाठवता आलं असतं, पण तशा पत्रांना 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे' यापलीकडे काही येत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून चारचौघांत लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही ते इथेच थांबू शकतील. जोराच्या आडव्या वाऱ्यात विद्यार्थी विमान खाली न टेकवता पुन्हा वर गेला, किंवा 'सर, आज मी सोलो (म्हणजे एकट्याने उडायला) जात नाही' म्हणाला, तर त्याबद्दल त्याचे पैसे, त्याचा रांगेतला नंबर आणि त्याची पत यांतलं काहीही कापलं जाता कामा नये. हे तोंडी आश्वासन नको. आपण मंजूर करता त्या प्रत्येक संस्थेच्या टीपीएममध्ये, म्हणजे प्रशिक्षण नियमावलीत, ते छापलेलं हवं.

प्रशिक्षणाचं विमान धावपट्टीवरून घसरलं की पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. विमान गवतात गेलं, नाकाचं चाक मोडलं, पंखा वाकला, सुदैवाने वैमानिक बचावला. कारण म्हणून एकच वाक्य असतं, उतरताना वैमानिकाचं नियंत्रण सुटलं. ते खोटं नसतं. पण घसरलेल्या प्रत्येक विमानाचं नियंत्रण सुटलेलंच असतं, त्यात नवीन काय सांगितलं? ते ज्या घडीला सुटलं त्याच्या अर्धा तास आधीपासून काय काय चाललं होतं, ते कुणी विचारत नाही.

ज्यांचा विमानाशी संबंध फक्त तिकिटापुरता आहे अशा वाचकांसाठी थोडं थांबतो. धावपट्टीची दिशा बदलत नाही, वाऱ्याची बदलते. वारा समोरून असेल तर तो मित्र, विमान कमी वेगात, कमी जागेत उतरतं. बाजूने असेल तर विमान हवेसकट बाजूला वाहत जातं. ते सावरण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं यावं लागतं. नदी ओलांडणारा नावाडी पैलतीरावरच्या घाटाच्या वरच्या अंगाला होडीचं नाक धरतो, तसंच. इथवर पहिल्या महिन्यातल्या पोरालाही जमतं. खरी गोम शेवटच्या पंधरा-वीस फुटांत असते, कारण चाकं तिरकी टेकवून चालत नाही. टेकण्याच्या ऐन आधी पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक मध्यरेषेच्या रांगेत आणायचं आणि त्याच वेळी वाऱ्याकडचा पंख किंचित खाली झुकवून ठेवायचा, म्हणजे वारा जेवढं ढकलतो तेवढंच विमान वाऱ्याकडे घसरत राहतं आणि रेषा सोडत नाही. वाऱ्याकडचं चाक पहिलं, मग दुसरं, शेवटी नाकाचं. हात एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला.

आणि टेकल्यावर सुटलो असं वाटतं, तिथेच बहुतेक पोरं फसतात. वेग कमी होतो तशी एलेरॉनमधली, म्हणजे पंख झुकवणाऱ्या झडपांमधली, ताकद जाते, म्हणून दांडा वाऱ्याकडे आणखी दाबत न्यायला हवा. विद्यार्थी नेमका तेव्हा हात सैल सोडतो. शेपटीचा उभा पडदा चाकांच्या मागे असल्यामुळे वारा शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडे फिरतं, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. पूर्ण भरलेलं सेसना 152 साडेसातशे किलोंच्या आसपास. तेवढ्या वजनाला फिरवायला फार मोठं वादळ लागत नाही.

हे कौशल्य शिकवून येतं, आणि ते शिकवणारे चांगले प्रशिक्षक आपल्याकडे आहेत. माझी तक्रार कौशल्याबद्दल नाही. कौशल्य अपुरं पडतंय हे ज्या क्षणी विद्यार्थ्याला कळतं, त्या क्षणी त्याला 'नाही' म्हणायची मुभा आहे का, हा माझा प्रश्न आहे.

9 जून 2016 रोजी अमेरिकेत ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर जे घडलं, ते मी शिकवणाऱ्या प्रत्येक बॅचला सांगत असे. ओक्लाहोमाहून एक सिरस एसआर20 आलं. चार आसनी, एका इंजिनाचं. आत एकाच कुटुंबातले तिघं, आजारी नातलगाला भेटायला निघालेले. विमान चालवणाऱ्या बाईंकडे परवाना होता, विमानात बिघाड नव्हता, हवामान चांगलं होतं. वारा पूर्वेकडून, 90 अंशांवरून 13 नॉट (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल), झोत 18 चे. हॉबी म्हणजे जेट विमानांच्या रहदारीचा विमानतळ. धावपट्टी 4 वर त्या येत होत्या, पण मागून एक बोइंग 737 प्रवासी जेट बऱ्याच जास्त वेगाने येत होतं, म्हणून नियंत्रकाने त्यांना वर जायला सांगितलं. मग त्यांना दिली धावपट्टी 35. नकाशावर हात ठेवून बघा. 35 म्हणजे 350 अंश, जवळजवळ उत्तर, आणि वारा पूर्वेचा, म्हणजे अख्खा वारा उजव्या कुशीत, वर किंचित मागून ढकलणाराही. अशा वाऱ्यात विमान उंच राहतं, लवकर खाली येत नाही. त्या उंच आल्या, बसलं नाही, परत वर गेल्या. मधल्या वेळात धावपट्ट्यांची अदलाबदल, 'उजवीकडे वळा, डावीकडे वळा, मागे अमुक आहे, पुढे तमुक आहे' हे चालूच. नियंत्रकही मध्येच बदलला. पुन्हा 35, पुन्हा उंच, पुन्हा वर. त्या शेवटच्या खेपेला पुरेसा वेग यायच्या आधी फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागे खाली सोडायच्या झडपा, वर घेतले गेले, विमान वळणात होतं, स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, गिरकी घेतली आणि विमानतळाबाहेरच्या एका दुकानाच्या वाहनतळात उभ्या मोटारीवर कोसळलं. तिघंही गेले. सिरसला अख्ख्या विमानासाठी पॅराशूट असतं. एवढ्या खाली ते उघडायला जागाच नसते.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने मुख्य कारण लिहिलं ते गो-अराउंड, म्हणजे न टेकता परत वर जाणं, चुकीच्या पद्धतीने केल्याचं. त्यावर वाद नाही. पण अहवाल तिथे थांबला नाही. हातभार लावणाऱ्या गोष्टींत त्यांनी नियंत्रकांचे निर्णय घातले: एकाने त्यांना त्या गर्दीच्या सर्किटमध्येच, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेरीतच, फिरवत ठेवलं, दुसऱ्याने अडचणीच्या वेळी नको तितकी गुंतागुंतीची सूचना दिली. आणि तिसरी गोष्ट लिहिली, वैमानिकाने आपलं म्हणणं ठामपणे मांडलं नाही. 'मला ही धावपट्टी जमणार नाही, 4 वर घ्या, नाहीतर बाहेर थांबवा', एवढं एक वाक्य. रेडिओवर 'अनेबल', म्हणजे 'जमणार नाही', म्हणायला एक सेकंद पुरतो. त्या बाई प्रत्येक सूचनेला नम्रपणे हो म्हणत गेल्या.

यावर आपल्यापैकी कुणी म्हणेल, मास्तर, तुमचाच दाखला तुमच्या अंगावर येतोय. गो-अराउंड केला म्हणूनच तर मेल्या. तसं नाही. वर जाण्याचा निर्णय प्रत्येक वेळी बरोबरच होता. पण गो-अराउंड ही विमान चालवण्यातली एक वेगळी कसरत आहे. पूर्ण ताकद, नाक धरून ठेवणं, आधी वेग, मग फ्लॅप एकेक खाच वर. आणि हे सगळं जमिनीच्या जवळ, उजव्या पायाचा जोर वाढवत. ही कसरत दमलेल्या, ओशाळलेल्या डोक्याने, दर खेपेला नवी सूचना ऐकत करायची वेळ आली तर हात चुकतो. आपल्याकडे पोरांना गो-अराउंड कधी करायला लावतात? परीक्षेच्या आधी, एखाद-दोन वेळा, शांत सकाळी, तेही प्रशिक्षकाने आधी सांगून. ठरवून केलेला गो-अराउंड आणि जमत नाही म्हणून केलेला गो-अराउंड यांच्यात केवढा फरक आहे, ते शेजारच्या आसनावर बसणाऱ्याला विचारा.

आता आपल्याकडचं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही आणि ओळखू येईल असंही काही लिहीत नाही, कारण हा किस्सा एका संस्थेचा नाहीच. एक मुलगी सोलो सर्किटला गेली. निघाली तेव्हा विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी, अर्धा लोंबत होता. एप्रिलची अकरा-साडेअकराची वेळ, जमीन तापली की वारा कसा उठतो हे या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. तिसऱ्या सर्किटपर्यंत विंडसॉक आडवा झाला होता. पहिल्यांदा ती रेषेवरून वाहून गेली, वर गेली. दुसऱ्यांदा फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, झोत आला, विमान फुग्यासारखं उचललं गेलं, वर गेली. मी ते हँगरच्या दारातून पाहत होतो आणि मनात म्हटलं, शाबास. तिसऱ्यांदा तिने बसवलं. बसवलं म्हणजे रेटून बसवलं. वाऱ्याकडचा पंख उचलला, विमान डावीकडे फिरून गवतात गेलं, नाकाचं चाक मोडलं, पंखा जमिनीला लागला. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. तिच्या हनुवटीला खरचटलं होतं आणि हेडसेट तसाच गळ्यात अडकलेला होता. ऑफिसातून धावत आलेल्या गृहस्थांनी तिला विचारलेला पहिला प्रश्न होता, 'दोनदा परत का गेलीस?'

पाणी हवंय का, लागलंय का, हे नंतर.

चौकशीच्या कागदावर आलं, विद्यार्थ्याचं अयोग्य तंत्र. मी तिला नंतर विचारलं, तिसऱ्यांदा का बसवलंस? ती म्हणाली, सर, आधीच दोनदा झालं होतं. खाली सगळे बघत होते. पुढचा स्लॉट माझ्यामुळे उशिरा होत होता.

यात तंत्र कुठे आलं? तिला वारा कळत होता. दोनदा तिने त्याप्रमाणे वागूनही दाखवलं. तिसऱ्यांदा ती वाऱ्याला घाबरली नाही, ऑफिसला घाबरली.

ही भीती हवेतून येत नाही. तिचा हिशोब सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास, त्यातले 100 तास मुख्य वैमानिक म्हणून. घरच्यांनी पन्नास लाखांच्या घरातला खर्च केलेला, बऱ्याचदा जमीन किंवा घर गहाण टाकून. विमानं कमी, विद्यार्थी जास्त. अशात जो 'आज वारा जास्त आहे, मी नाही जात' म्हणतो, त्याचं नाव यादीत तळाला जातं आणि पुढची पाळी कधी येईल ते विमानाच्या दुरुस्तीवर आणि देवावर अवलंबून. जो वारंवार गो-अराउंड करतो त्याला 'कच्चा' ठरवून जादा चेक सॉर्टी, म्हणजे प्रशिक्षकासोबतचं तपासणीचं उड्डाण, लावतात. ती ठरलेल्या तासांच्या वर, त्याच्या खिशातून. खोलीचं भाडं आणि मेसचं बिल चालूच. मी विद्यार्थी असतो तर मीही रेटूनच बसवलं असतं.

दुसरी गोष्ट, आकड्याची. कुठल्याही प्रशिक्षणार्थीला विचारा, 172 ची आडव्या वाऱ्याची मर्यादा किती? ताबडतोब उत्तर येईल, 15 नॉट. 152 ची? 12. हे आकडे विमानाच्या पुस्तकात आहेत हे खरं, पण मर्यादा म्हणून नाहीत. प्रमाणपत्राच्या चाचण्यांच्या वेळी चाचणी वैमानिकाने तेवढ्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी वारा तेवढाच होता म्हणून आकडा तेवढा. तो आकडा वीस तासांच्या पोराला उद्देशून नाही. पण आमच्या पोरांच्या वह्यांत तो 'लिमिट' म्हणून उतरतो आणि मग 14 नॉट म्हणजे 'लिमिटच्या आत आहे' होतं.

हा घोळ फक्त आपल्या छोट्या शाळांत होतो असं समजू नका. 1 मार्च 2008 ला 'एमा' वादळात लुफ्थान्झा या जर्मन कंपनीचं एअरबस ए320 प्रवासी विमान हँबुर्गला धावपट्टी 23 वर उतरत होतं. 132 प्रवासी, पाच कर्मचारी. वारा 28 नॉट, झोत 47 चे. विमान टेकताना वाऱ्याने उचलून फिरवलं, डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी लगेच वर नेलं आणि पुन्हा फेरी मारून धावपट्टी 33 वर, जिथे वारा बराच समोरून होता, नीट उतरवलं. कुणाला इजा नाही. त्या विमानाच्या पुस्तकातला 'दाखवलेला' आकडा 33 नॉट, झोतांसह 38. जर्मन तपास संस्थेने पुढे अहवालात लिहिलं की हा आकडा म्हणजे बंधन आहे की नुसती माहिती, याबद्दल खुद्द वैमानिकांतच एकमत नव्हतं आणि कंपनीच्या कागदपत्रांतही ते स्पष्ट नव्हतं. लुफ्थान्झामध्ये ही गत, तर आपण कोण? ते विमान वर नेण्याचा निर्णय मात्र तिथे काही सेकंदांत झाला. आणि 33 ही दुसरी धावपट्टी तिथे होती, ही गोष्टही सोडून देण्यासारखी नाही.

कारण आपल्या बहुतेक प्रशिक्षण तळांवर ती नाही. पूर्वी विमानतळ म्हणजे मोकळं मैदान असे. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून उतरायचं, आडव्या वाऱ्याचा प्रश्नच नाही. 1932 च्या ऑक्टोबरात जेआरडींनी कराचीहून आणलेलं छोटं पस मॉथ विमान जुहूला उतरलं, तो जमाना त्या मैदानांचा. पुढे डांबराच्या अरुंद पट्ट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ही कटकट. जुहूला आजही दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, 08/26 आणि 16/34. मुंबईच्या मोठ्या विमानतळावर 09/27 आणि 14/32. जिल्ह्याच्या तळांवर सहसा एकच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं सोळा आणे स्पष्ट म्हणणं आहे की धावपट्ट्यांची आखणी अशी असावी की आडव्या वाऱ्यामुळे विमानतळ वापरता आला नाही असं शंभरातल्या पाच वेळांहून जास्त होऊ नये. आणि हे मोजताना छोट्या धावपट्टीसाठी, म्हणजे 1200 मीटरखालच्या वर्गातल्या विमानांसाठी, आडवा वारा धरायचा तो 10 नॉट. जास्त नाही. मोठ्यांसाठी 20. म्हणजे आखणी करणारा इंजिनिअर छोट्या विमानाला 10 नॉट पुरे म्हणतो आणि आम्ही विद्यार्थ्याला 15 च्या वहीवर पाठवतो.

प्रत्येक तळावर दुसरी धावपट्टी बांधा असं मी म्हणत नाही. जागा, पैसा, भूसंपादन, सगळं समजतं मला. पण एकच धावपट्टी असेल तर वाऱ्याच्या दिवशी 'उतरू नका' हाच तेवढा दुसरा पर्याय उरतो. तो तरी खुला ठेवा.

वारा मोजण्याबद्दल थोडं. टॉवर जो वारा सांगतो ती दोन मिनिटांची सरासरी असते, हवामान अहवालातली दहा मिनिटांची. झोत वेगळा सांगायचा तो सरासरीपेक्षा 10 नॉटने जास्त असेल तेव्हा. म्हणजे सरासरी 9 आणि मधूनच 17 चा झटका असेल तर नियमाप्रमाणे झोत नाहीच. पोराला ऐकू येतं 'नऊ नॉट'. जिथे टॉवर नाही तिथे सगळी भिस्त विंडसॉकवर, आणि मी असे विंडसॉक पाहिलेत ज्यांचं कापड खालून फाटून लक्तरं झालेली, खांबाला गंज चढल्यामुळे कडी फिरतच नाही, किंवा तो हँगरच्या आडोशाला असा उभा की पश्चिमेचा वारा त्याला लागतच नाही. कापडाची पिशवी बदलायला कुठल्या समितीची मंजुरी लागते?

आणि आमची शिकवण्याची वेळ. पहाटे सहाला हवा गुळगुळीत असते, पोरांची लँडिंगं छान होतात, तास भरतात, सगळे खूश. मग वारा उठायच्या वेळी, गर्दी आहे म्हणून, सोलोवाल्यांना पाठवतात. खरं तर उलटं हवं. दहानंतरचा वारा प्रशिक्षकाने शेजारी बसून दाखवायचा, सोलो पहाटे करू द्यायचा. हे मी नवीन सांगत नाही, जुने सगळे प्रशिक्षक हेच सांगतील. पण वेळापत्रक प्रशिक्षक करत नाहीत, ऑफिस करतं.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या फेब्रुवारीत, टोरांटोला एक जेट बर्फात उताणं पडलेलं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. आतले सगळेच्या सगळे 80 जण वाचले. त्या आठवड्यात मला नातेवाइकांचे एकच फोन, वाऱ्याने उलटलं का हो? वारा 28 नॉट, झोत 35 चे, हे खरं. पण तिथल्या तपास संस्थेने महिनाभरात पहिला अहवाल काढला त्यात वाऱ्याबरोबरच विमान किती वेगाने खाली येत होतं, किती झुकलेलं होतं, कुठलं चाक कुठे मोडलं, हे आकड्यांनिशी मांडलं आणि कारणाचा निकाल पुढच्या तपासावर सोडला. आपल्याकडे प्रशिक्षणाचं विमान गवतात गेलं की निकाल संध्याकाळी लागतो आणि आकडे कधीच बाहेर येत नाहीत.

महासंचालक साहेब, 2025 मध्ये आपण पहिल्यांदा प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर केली. वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही, हे आपण लपवलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. त्या क्रमवारीत एक साधा प्रश्न वाढवा: या सहामाहीत आपल्या विद्यार्थ्यांनी वाऱ्यामुळे किती गो-अराउंड नोंदवले? ज्या संस्थेचा आकडा शून्य, तिला गुण देऊ नका, तिच्याकडे तपासनीस पाठवा. महाराष्ट्रातल्या वाऱ्यात वर्षभर शिकवून एकाही पोराला वर जावं लागलं नाही, हे शक्य नाही. नोंदी दडवल्या जातायत किंवा पोरं रेटून बसवतायत.

वाऱ्यामुळे विद्यार्थ्याने सोडलेला स्लॉट त्याच्या नावावर राहिला पाहिजे, पुढच्या शांत सकाळी त्यालाच मिळाला पाहिजे. वाऱ्यातल्या गो-अराउंडनंतर चेक सॉर्टी लावायची असेल तर खुशाल लावा, ती उपयोगाचीच असते, पण बिल विद्यार्थ्याला नको. विद्यार्थ्याची वाऱ्याची मर्यादा विमानाच्या पुस्तकातून उचलायची नाही. पहिल्या सोलोला पाच नॉट आडवा, मग आठ, मग दहा, अशी प्रशिक्षकाने सहीनिशी वाढवत न्यायची आणि ती लॉगबुकात दिसली पाहिजे. ती मोडून पाठवणाऱ्याची सहीही तिथेच दिसेल. आणि सोलोचा पोरगा हवेत असताना वारा त्याच्या आकड्याच्या वर गेला तर त्याला कुठे पाठवायचं, जवळचा कुठला तळ, की वारा पडेपर्यंत वर थांबवायचं आणि त्यासाठी इंधन किती भरून पाठवायचं, हे तो उडायच्या आधी फळ्यावर लिहिलेलं असावं. त्या मुलीच्या टाकीत दीड तासाचं इंधन होतं. तिला 'घाई नाही, वर थांब' असं सांगणारा आवाज रेडिओवर नव्हता.

मुख्य प्रशिक्षक मंडळींना वेगळं काय सांगू? आपण एकाच ताटात जेवलोय. मालक तुमच्यावर तासांसाठी दबाव आणतात हे मला माहीत आहे, माझ्यावरही आणत. पण सोलोच्या कागदावर मालकाची सही नसते, तुमची असते. उद्याच्या ब्रीफिंगला एक वाक्य बोलून बघा: जो परत वर येईल त्याला मी काही विचारणार नाही. आणि खरंच काही विचारू नका. चहा झाल्यावर तो स्वतःहून सांगेल काय झालं ते, आणि त्यात तुम्हाला त्याच्या रडरबद्दल जे कळेल ते दहा चेक सॉर्टींत कळणार नाही.

अमरावतीचा विमानतळ एप्रिल 2025 मध्ये सुरू झाला आणि त्याच परिसरात एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे, वर्षाला 180 वैमानिक घडवायच्या बोलीने. गोंदिया, धुळे, शिरपूर, बारामती आहेतच. म्हणजे एटीआर प्रवासी विमानांच्या मागे-पुढे सर्किट मारणारी पोरं आपल्या राज्यात वाढणार. हॉबीला जे नियंत्रकांच्या बाजूने झालं ते तिथे होऊ नये म्हणून भारतीय विमानतळ प्राधिकरणाशीही आपण बोलावं: प्रशिक्षणार्थीने 'अनेबल' म्हटलं की त्याला कारण विचारत बसायचं नाही, बाजूला घ्यायचं आणि मोठ्या विमानाला थांबवायचं. मोठ्या विमानात दोन वैमानिक असतात आणि इंधनही भरपूर असतं.

टीपीएमची पुढची दुरुस्ती आपल्या टेबलावर येईल तेव्हा वरच्यातलं किमान एक कलम, सोडलेला स्लॉट विद्यार्थ्याच्या नावावर राहण्याचं, त्यात घालता येईल का, याचं उत्तर आपण जाहीरपणे द्यावं अशी विनंती आहे. त्याला खर्च येत नाही. उत्तर नकारार्थी असेल तर कारणासह द्यावं, म्हणजे पुढच्या एप्रिलआधी आम्हाला पालकांना तरी नीट सांगता येईल.

कळावे.

आपला,
एक निवृत्त विमान प्रशिक्षक